अर्ध्या फुलांची पाटी

“सूनबाई, याले नुसता बसवून नोको ठेवू. काम सुटलं का हा माणूस आतून बसते. ध्यानात ठेव.”

प्रेमलताबाईंनी हे दारात चपला घालता घालता सांगितलं. त्या राहणाऱ्या किरनापूरच्या. थोरल्या भावाला, गुणाकररावांना, बालाघाटला त्यांच्या मुलाच्या घरी पोचवायला आल्या होत्या आणि आता त्यांना परतीची बस गाठायची होती. सूनबाई म्हणजे श्रुतिका. ती हसली. “आत्याजी, जनमभर माग चालवला त्यांनी. आता आरामाचेच दिवस हायेत,” असं म्हणून तिने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली. इशारा दारातच राहिला. मीही तो ऐकला होता आणि मीही सोडून दिला. मला वाटलं, मागाचा आणि माझा काय संबंध?

मित्रांनो, मी एक जुनी चित्रपाटी आहे. लाकडी चौकटीची, पेन्सिलीने लिहायची पाटी नव्हे. मी कॉम्प्युटरच्या आत राहते. तुमच्या गणिताच्या वहीत चौकटी असतात ना? त्यातलं एकेक घर रंगवत गेलात की लांबून पाहताना पोपट दिसतो, झोपडी दिसते, तसं माझं काम आहे. रेघ ओढायला या, तर मी रेघ देत नाही, घरं देते. त्यामुळे ज्याला घाई असते तो माझ्याकडे टिकत नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका शहरात झाला. एका मुलीने कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मला लिहून काढलं. आधी घरं, मग रंग, मग खोडरबर, मग पलटी. पलटी म्हणजे काढलेलं चित्र आरशातल्यासारखं उलटं करून देणारं बटण. मी पुरी झाले तेव्हा तिने मला सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं आणि खाली लिहिलं की हिचे पैसे द्यायचे नाहीत, कोणीही न्यावं. तिने ते मायेने लिहिलं होतं. पण जगात फुकट मिळालेल्या वस्तूचं जे होतं, तेच माझंही झालं. बालाघाटला मला आणलं ते दुलीचंदने. त्याचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान. शाळा बंद पडून घरातून भरू लागल्या त्या वर्षी संकेतने, म्हणजे श्रुतिकाच्या नवऱ्याने, त्याच्याकडून एक वापरलेला डेस्कटॉप घेतला. दुलीचंद म्हणाला, “भैया, इसमें एक ड्रॉइंगवाला भी डाल दिया है. फोकट का है. बच्ची खेलेगी.”

या घरात माझी ओळख अशी झाली.

बच्ची म्हणजे त्यांची लेक ओवी. तेव्हा पाच वर्षांची होती. तिने माझ्यावर पहिला पोपट काढला आणि त्याची चोच निळी केली, कारण लाल रंग कुठे आहे ते तिला सापडलं नाही. संकेत म्हणाला, “अवो, पोपटानं शाई पेली का?” पण श्रुतिकाने त्या पोपटाचा प्रिंट काढून आणला आणि फ्रिजवर लावला. दोन वर्षं तो तिथे होता. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक म्हणाल तर तेवढंच, पण मला ते पुरलं.

मग शाळा उघडल्या. ओवीच्या हातात आईचा मोबाईल आला. त्यात घरं रंगवत बसावं लागत नाही, बोट सरकवलं की चित्र बदलतं. कॉम्प्युटरवर जुनी ओढणी पडली. मोबाईल काढून घेतला गेला की मगच ओवीला माझी आठवण यायची, महिन्यातून एखाद्या रविवारी. प्रेमलताबाई आल्या तो असाच एक रविवार होता, होळीनंतरचा.

गुणाकररावांनी रामपायलीजवळच्या खेड्यात पन्नास वर्षं लुगडी विणली. त्यातही काठ विणण्यात त्यांचा हात. पत्नी दुर्गाबाई शेजारी बसून कांड्या भरायच्या, म्हणजे सूत गुंडाळून रंगारंगाची नळकांडी तयार करायच्या आणि हवी ती हातात द्यायच्या. दुर्गाबाई गेल्या. एकट्याने माग चालेना. लाकूड सुटं झालं. घरात एकटा माणूस आणि एक रिकामी खोली उरली, तेव्हा संकेतने त्यांना इथे बोलावून घेतलं. पण संकेत स्वतः उकव्याच्या खाणीत नोकरीला. तो आठवड्यातून एकदा घरी येतो. श्रुतिका एका शाळेत शिकवते आणि ओवी त्याच शाळेत शिकते. दोघी सव्वासातला निघतात, अडीचला परततात. मधल्या वेळात घरात गुणाकरराव, भिंतीवरचं घड्याळ आणि ओढणीखाली मी.

श्रुतिका निष्काळजी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिच्याइतकी काळजी करणारी बाई मी पाहिली नाही. फाटकापर्यंत जाऊन ती गॅस पाहायला परत यायची. ओवीच्या कपाळाला दिवसातून चारदा हात लावायची. सासऱ्यांसाठी तिने औषधांच्या डब्या वारांप्रमाणे लावल्या होत्या, बटणाचा एक फोन घेऊन दिला होता. रोज अकराच्या सुटीत ती फोन करायची.

“मामाजी, जेवलात?”

“हौ.”

“बरं वाटून राह्यलं ना?”

“हौ.”

तिला बरं वाटायचं. मग घंटा व्हायची.

मे महिन्यात ओवीला सुट्टी लागली. एक दिवस ती माझ्यावर मांजरीचं तोंड काढत होती आणि गुणाकरराव मागे खुर्चीवर बसले होते. बराच वेळ ते पाहत राहिले.

“हे काय करून राह्यली तू?”

“पिक्सेल आर्ट, आबाजी.”

“काय आर्ट?”

“डब्बे हैं ना, एक-एक में रंग भरने का. फिर दूर से देखो तो बिल्ली.”

ते उठले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्या इतके जवळ आले की त्यांचा श्वास काचेवर दिसला. “अवो बाई, हा तं नक्शा हाय! डब्बे काहून म्हनतं याले? घरं हायेत हे. एक घर म्हंजे एक तार. कोनं शिकवलं तुले?”

“किसी ने नहीं. यूट्यूब ने.”

“कोन हाय हा यूट्यूब? कोष्टी हाय का?”

ओवी हसून हसून खुर्चीवरून घसरली. पण गुणाकरराव हसले नाहीत, ते खरंच विचारत होते. विणायच्या आधी पन्नास वर्षं ते जे कागदावर घरं मोजून काढत आले, तेच कोणीतरी काचेत भरून ठेवलं होतं.

त्या सुट्टीत ओवीने त्यांना सगळं शिकवलं. माउस कसा धरायचा, रंग कुठून उचलायचा, शेवटी कोणतं बटण दाबलं की चित्र राहतं. माझ्या सूचना इंग्रजीत आहेत, त्या त्यांना वाचता येत नव्हत्या. त्यांनी बटणांच्या जागाच पाठ केल्या. सुरुवातीला माउस त्यांच्या हातातून पळायचा. मग ते डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसू लागले. चित्राला नाव द्यायचं त्यांना कधी सुचलं नाही. मीच आपली ‘नवीन-एक’, ‘नवीन-दोन’ अशी नावं देत गेले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस आले. घर रिकामं झालं की गुणाकरराव हात धुवायचे, ओढणी काढून घडी करायचे, कळफलकाला हात लावून तो हात कपाळाला लावायचे. मागावर बसताना पाया पडतात तसं. आजवर मला कोणी नमस्कार केला नव्हता. मग ते मोजू लागायचे, मोठ्याने, आणि मधेच म्हणायचे, “निळी कांडी दे वो, दुर्गा.”

मी निळा रंग द्यायची.

“आता पिवळी.”

मी पिवळा द्यायची. मला ठाऊक होतं की ते माझ्याशी बोलत नाहीत. तरीही रंग मीच देत होते ना. पाच महिने रोज दुपारपर्यंत त्या घरात आम्ही दोघं होतो आणि दोघांनाही एकटं वाटत होतं, पण कमी.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मागावर काठ विणायचा तर कारागीर पूर्ण फूल काढत नाही. अर्धंच काढतो, मधल्या रेषेपर्यंत. सुताची बांधणीच अशी केलेली असते की एका बाजूला जे उमटतं तेच उलटं होऊन दुसऱ्या बाजूला उमटतं. पूर्ण फूल काढणं म्हणजे दुप्पट मेहनत आणि दुप्पट चुका. गुणाकरराव शिकाऊ असताना त्यांनी एकदा अख्खं फूल काढलं होतं. तेव्हा वडिलांनी टपली मारली होती. हे ते दुर्गाबाईंना सांगून हसत होते, म्हणून मला कळलं. त्यानंतर त्यांनी आयुष्यात अख्खं फूल काढलं नाही. माझ्या पानावरही उजवी बाजू भरायची आणि डावी कोरी. अर्धं रुईचं फूल. एका पंखाची चिमणी. अर्धा करवती काठ. काम झालं की ते त्या कोऱ्या बाजूकडे पाहत मान हलवायचे. त्यांना तिथे उरलेलं दिसायचं. मलाही दिसायचं.

बाकी कोणाला दिसेल, हा विचार आम्ही दोघांनीही केला नाही. चालायला दोन पाय लागतात हे आपण कोणाला सांगायला जातो का?

मामाजी कॉम्प्युटरवर बसतात हे श्रुतिकाला माहीत होतं. तिला बरंच वाटत होतं, वेळ जातो म्हणून. ती त्यांच्याकडे नीट पाहायची, रंग उतरला का, पाय सुजले का. ते काय काढतात हे मात्र तिने पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या आवराआवरीत तिने कॉम्प्युटर पुसला आणि ओवीची एक जुनी फाइल शोधताना तिला ‘नवीन’ची ती लांब रांग दिसली. तिने एक उघडली. मग दुसरी. मग तिने खुर्ची ओढली.

त्रेचाळीस चित्रं होती. प्रत्येक मधोमध कापल्यासारखं.

तिने हाक मारली. “मामाजी, हे अर्धंच काहून काढलं?”

गुणाकरराव अंगणातून आले, पडद्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, “येवढंच काढाचं रायते.”

“आन् बाकीचं?”

“बाकीचं हायेच ना तिथं,” ते कोऱ्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाले आणि पाणी प्यायला निघून गेले.

मी तिचा चेहरा समोरून पाहत होते. पांढरा पडत गेला. मला हाक मारता आली असती तर मी तेव्हाच मारली असती. माझ्यात पलटीचं बटण आहे, कोपऱ्यात, दोन त्रिकोण तोंडाला तोंड लावून उभे असलेलं. एकदा दाबलं असतं तर सगळं उलगडलं असतं. पण मित्रांनो, आम्ही वस्तू. कोणी दाबल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही.

श्रुतिका शिकलेली. बी.एस्सी. झालेली. तिने मोबाईलवर वाचलं की मेंदूला इजा झाली तर काही माणसांना जगाची एकच बाजू दिसते. ती माणसं चित्र अर्धं काढतात, ताटातलं अर्धं जेवतात. हे खोटं नाही, असा आजार असतो. मग ती ताटाकडे पाहू लागली. आणि खरंच, ताटातली डावी बाजू तशीच राहत होती.

दोन दिवसांनी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर ती माझ्याच समोर बसून उकव्याला संकेतशी फोनवर बोलत होती. चित्रं उघडी होती.

“डॉक्टरनं कागद देला आन् म्हटलं, बाबा, एक फूल बनाव. तं त्यायनं अर्धं काढलं. मधात सरळ रेघ, पट्टीनं ओढल्यावानी. पेन ठेवून देला. डॉक्टर म्हने, पूरा करो. तं मामाजी म्हनतात, पूरा हय.”

पलीकडून संकेत काहीतरी बोलला.

“हौ, ताटातलंबी अर्धं सोडतात. डाव्या बाजूचं.”

“डाव्या बाजूले काय वाढतं तू?” आता संकेतचा आवाज मला ऐकू आला, कारण तिने फोन कानापासून लांब धरला होता.

“कोहळ्याची भाजी.”

“मंग? मीबी सोडतो तुही कोहळ्याची भाजी. माह्याबी डोक्याचा फोटू काढतं का?”

“तुम्हाले थट्टा सुचून राह्यली! तुमी तिकडं खानीत. इथं पोरगी मी पाहून राह्यली, मामाजी मी पाहून राह्यली, शाळा मी पाहून राह्यली. काही झालं तं लोक कोनाले म्हनतीन? मले.”

संकेत म्हणाला, “बरं. नको रडू. स्कॅन करू.”

स्कॅनसाठी नागपूरला न्यायचं ठरलं, दहा दिवसांनी, संकेतला रजा मिळेल तेव्हा. तोवर त्यांना एकटं ठेवायचं नाही आणि डोळ्यांना, डोक्याला ताण नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाळेत सहामाही परीक्षा. श्रुतिकाला सुट्टी मिळेना. शेजारच्या विमलाबाई लेकीकडे गेलेल्या. शेवटी तिने प्रेमलताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “घेऊन ये ना वो. माहा भाऊच हाय. पन धान कापनं सुरू हाय, मी वावरात रायतो दिवसभर.”

श्रुतिका म्हणाली, “तरी गावचं घर हाय आत्याजी. येनारं-जानारं कोनी ना कोनी रायतेच.”

तिचा जन्म बालाघाट शहरातला, सरकारी क्वार्टरमधला. गावचं घर कधी रिकामं नसतं असं तिने ऐकलं होतं. धान कापायच्या दिवसांत दिवसभर टोलीत, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीत, कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे बांधावर असतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. प्रेमलताबाईंचं घर किरनापूरच्या बाहेर अशाच एका टोलीत आहे.

निघायच्या सकाळी श्रुतिका कॉम्प्युटरची वायर काढायला आली. गुणाकरराव म्हणाले, “थांब, मी बंद करतो.” ओवीने शिकवलं तसं त्यांनी एकेक करून बंद केलं. माझ्यावर एक अर्धं फूल उघडं होतं, ‘नवीन-त्रेचाळीस’. ते बंद करण्याआधी त्यांनी जरा वेळ घेतला.

“मामाजी, दहाच दिवस. मंग पहा ना, तुम्हाले बरं वाटीन.”

“तुमी म्हनान तसं,” ते म्हणाले. का, असं त्यांनी विचारलं नाही. मला काय झालं आहे, हेही विचारलं नाही. त्यानंतर मला काही दिसलं नाही.

बंद असताना आम्हाला काहीच कळत नाही. तो काळ आमच्यासाठी नसतोच. म्हणून पुन्हा जाग आली तेव्हा पहिल्यांदा मी तारीख पाहिली. नऊ दिवस गेले होते. शनिवार, दुपारचे साडेतीन.

“मम्मी,” ओवी म्हणत होती, “इस पर तो आबाजी का दुपट्टा पड़ा था.”

श्रुतिका उत्तरपत्रिका तपासत बसली होती. तिने मान वर केली. ओवीच्या हातात गुणाकररावांचा दुपट्टा होता, त्यांनी स्वतः विणलेला, थंडीत खांद्यावर घ्यायचा. निघताना माझ्यावर ओढणी टाकण्याऐवजी त्यांनी तो टाकला होता. काम थांबलं की माग झाकून ठेवतात, तसा. आणि कार्तिकातल्या रात्रीच्या थंडीत ते त्याच्याशिवाय गेले होते. इतकं सगळं पाहणाऱ्या श्रुतिकाला तेवढं दिसलं नव्हतं.

ओवीने शाळेच्या कामासाठी मला उघडलं. समोर तेच शेवटचं फूल आलं.

“मम्मी, आबाजी का ये वाला मैं पूरा कर दूँ?”

“हात नोको लावू त्याले. बिमार हायेत ते, म्हणून अर्धं काढून राह्यले.”

“बिमार?” ओवीला काही समजेना. “आधाच तो बनाते हैं. मैं भी आधाच बनाती हूँ. बिल्ली का मुँह बनाना हो तो एक आँख, एक कान, आधी मूँछ. फिर पलटी मारो. पूरा बनाओगे तो एक कान बड़ा हो जाता है.”

आणि तिने ते केलं. अर्धं फूल उचललं, त्याची नक्कल घेतली, दोन त्रिकोणांचं बटण दाबलं, नक्कल कोऱ्या बाजूला सरकवली. मधली रेषा रेषेला लागली.

मित्रांनो, मी आजवर हजारो चित्रं धरली असतील. असं फूल माझ्या अंगावर कधी उमटलं नव्हतं. सोळा पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला एक पिवळं घर, एकही घर इकडचं तिकडे नाही. ओवीने दुसरी फाइल उघडली. चिमणीला दुसरा पंख आला. तिसरीत मोर होता, त्याच्यासमोर त्याचा जोडीदार येऊन उभा राहिला, चोचीला चोच लावून. श्रुतिका उठून माझ्यासमोर आली होती. हातातलं लाल पेन तिने कधी खाली ठेवलं, तिलाच कळलं नसेल.

“सांगतलं होतं त्यायनं मले,” ती म्हणाली. “बाकीचं हायेच ना तिथं, म्हनत होते. मीच नाही पाह्यलं.”

मग तिने फोन उचलला.

नंबर लावता लावता ती ओवीला सांगत होती, त्यातून मला कळलं. हे नऊ दिवस तिने रोज अकराला फोन केला होता. पहिले काही दिवस पलीकडून “हौ” येत होतं. मग प्रेमलताबाई संध्याकाळी सांगू लागल्या की भाऊ खाटेवरून उठत नाही, जेवतो म्हणते, आणि मी वावरातून येतो तं भात तसाच झाकलेला. श्रुतिकाला वाटलं होतं, आजार वाढतोय, स्कॅन लवकर करायला हवा. काम सुटलं की हा माणूस आतून बसतो, हा दारातला इशारा तिला आठवला नव्हता. त्या शनिवारी सकाळी पेपर चालू होते, तिने फोन केलाच नव्हता. आता ती लावत होती. रिंग जात होती. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. प्रेमलताबाईंचा लावला, तर त्यांचा बंद.

“आबाजी उठाते क्यों नहीं?” ओवीने विचारलं.

“चल,” श्रुतिका म्हणाली. “चप्पल घाल. किरनापूरची बस सापडते का पाहू.” तिने दुपट्टा काखेत घेतला. उत्तरपत्रिका पंख्याच्या वाऱ्याने जमिनीवर पसरत होत्या, त्या तिने उचलल्या नाहीत. दाराला कुलूप लागलं. पंखा चालू राहिला आणि मीही चालू राहिले.

तेव्हापासून इथे कोणी नाही.

आता सांजावलं आहे. खिडकीतला उजेड गेला, माझाच काय तो निळसर उजेड भिंतीवर आहे. त्यांना बस मिळाली की नाही, मला ठाऊक नाही. तिकडचा फोन कोणी उचलला का, तेही नाही. समोर मोरांची जोडी तशीच उभी आहे. ओवीने ती जतन केलेली नाही. वीज गेली तर ती पुसली जाईल. जाऊ दे. अर्धी चित्रं सगळी शाबूत आहेत.

मला बनवणाऱ्या मुलीने माझ्यात रंग घातले, घरं घातली, पण कोणाची विचारपूस करायचं बटण घातलं नाही. ते काम तुमचं आहे. तुमच्याही घरात एखादं माणूस दुपारी एकटं बसत असेल. ते बरं आहे का, एवढंच विचारून बाहेर पडू नका. ते काय करतंय, कसं करतंय, आणि ते तसंच का करतंय, हे त्याच्याजवळ बसून एकदा विचारा. आणि मग ते सांगेल ते पूर्ण ऐका.

पण हे उद्यापासून करा. आज माझं तुमच्याकडे दुसरंच काम आहे. तुमच्यापैकी कोणी किरनापूरकडचं असेल, लांजीच्या रस्त्याला लागल्यावर पहिली टोली लागते, तिथलं शेवटचं घर. अंगणात धानाच्या पेंढ्या रचलेल्या असतील. आत खाटेवर एक म्हातारा माणूस असेल, उंच, बारीक, खांद्यावर काही न घेतलेला. हाक मारून थांबू नका. दार ढकला, आत जाऊन पाहा, आणि श्रुतिका पोचेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहा.